सुट्टीचे गणित : भंडारदऱ्याला नेमके कधी जावे?



वफ्राला सहल कधी न्यावी, यावर आपल्या मंडळात कधी वाद होत नाही. नोव्हेंबरात हवा गार झाली की तिथल्या शेतांची आठवण होते आणि मार्च सरला की तो बेत आपोआप मिटतो. वाद होतो तो मायदेशातल्या सहलीवरून. यंदा बऱ्याच कुटुंबांनी भंडारदऱ्याचा विषय काढला आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच: "बेस्ट सीझन कोणता?"

आमचे उत्तर असे, की सर्वांसाठी मिळून एकच सीझन नाही. बरोबर कोण आहे ते आधी ठरवावे, महिना मागाहून.

ज्यांनी हा भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती. अकोले तालुक्यात (अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर जिल्हा) रतनगडाजवळ प्रवरा नदी उगम पावते. तिच्या खोऱ्यात १९२६ साली पूर्ण झालेले विल्सन धरण आणि त्यामागचा आर्थर लेक म्हणजे आपला भंडारदरा. जवळच १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई, महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर. मुंबईहून कसारा, इगतपुरी, घोटी अशी वाट आहे.

आपल्यापैकी बहुतेकांची सुट्टी शाळेशी बांधलेली, म्हणजे जुलै-ऑगस्ट. जुलैत घाटघर आणि रतनवाडीकडे पाऊस अक्षरशः कोसळतो. कुवेतमध्ये वर्षभरात सरासरी ११०-१२० मिलीमीटर पाऊस पडतो. तिकडे जोराच्या एका दिवसात तेवढा होऊन जातो. डोंगर ढगात गडप, समोरची दरी दिसत नाही, कसारा घाटात धुके. तरीही मुलांना न्यायचे असेल तर जुलै वाया गेला असे समजू नये, कारण तेव्हा भाताची लावणी चालू असते. आपल्या मुलांना शेत म्हणजे वफ्राचे ठाऊक: प्लास्टिकच्या छपराखाली काकडीच्या रांगा आणि थेंबाथेंबाने दिलेले पाणी. गुडघाभर चिखलात वाकून घरातली सगळी माणसे रोपे लावत आहेत, हे त्यांनी एकदा पाहावे. मात्र ती माणसे कामात असतात. बांधावरून चालताना रोपे तुडवू नयेत आणि फोटो काढण्यापूर्वी विचारावे. गावठी बियाणे जपल्याबद्दल २०२० साली पद्मश्री मिळालेल्या राहीबाई पोपेरे याच तालुक्यातल्या, कोंभाळणे गावच्या. मुलांना हेही जरूर सांगावे.

निवड करता येत असेल तर आम्ही जुलैपेक्षा ऑगस्टचा उत्तरार्ध सुचवू. धरण बहुधा तोवर भरत आलेले असते, पावसाला अधूनमधून उघडीप मिळते आणि धबधबे जोरात असतात. रंधा धबधब्याचे पाणी धरणातून किती सोडले आहे यावर अवलंबून असते, म्हणून आधी चौकशी करावी. शनिवार, रविवार आणि १५ ऑगस्ट टाळावेत. त्या दिवशी मोटारींच्या रांगा लागतात. मुंबई-पुण्याच्या नोकरदाराला मंगळवार-बुधवार मिळत नाही, आपल्याला मिळतो. रजेवर आलेल्या माणसाचा हा एकमेव फायदा आहे, तो घ्यावा!

खरा देखणा काळ सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. पाऊस ओसरलेला, तळे काठोकाठ, उतारांवर सोनकीची पिवळी फुले आणि भात पिकत आलेला. विमानाचे तिकीटही बहुधा हलके. पण शाळा चालू! म्हणून ज्यांची मुले अजून लहान आहेत, किंवा शिकून मोठी झाली आहेत, त्यांनी हा काळ दवडू नये.

मेअखेर ते जूनच्या पहिल्या सरींपर्यंत काजव्यांचे दिवस. काजव्याच्या पोटात ल्युसिफेरिन नावाचे द्रव्य असते. ल्युसिफेरेज या विकराच्या मदतीने त्याचा प्राणवायूशी संयोग होतो आणि उष्णता जवळजवळ न होता प्रकाश बाहेर पडतो. हा उजेड म्हणजे नर-मादीची एकमेकांना हाक असते. मोटारीचे दिवे आणि मोबाइलची बॅटरी त्या हाकेत व्यत्यय आणतात, तेव्हा दोन्ही बंद ठेवावेत आणि वनखात्याचे वेळेचे नियम पाळावेत. २०२५ साली बकरी ईद ६ जूनला, म्हणजे नेमकी याच दिवसांत आली होती. ही तारीख दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकते, म्हणून कॅलेंडर समोर ठेवून हिशेब करावा.

आता सर्वांत महत्त्वाचे. आई-वडील बरोबर येणार असतील तर पावसाळा नकोच. शेवाळलेल्या दगडावरून सत्तरीतल्या माणसाचा पाय घसरला, तर उरलेली रजा हाडांच्या दवाखान्यात जाते. त्यांच्यासाठी डिसेंबरअखेरची सुट्टी. हवा स्वच्छ, डोंगर स्पष्ट दिसतात, तळ्यात नावेतून फिरता येते, आणि रतनवाडीच्या अमृतेश्वराच्या जुन्या दगडी मंदिरापर्यंत गाडीने जाता येते. फक्त रात्री थंडी चांगलीच असते. शाल, कानटोपी आणि त्यांची औषधे बरोबर हवीत. तरुण मंडळींना साम्रदची सांदण दरीही याच दिवसांत पाहता येते. पावसाळ्यात तिथे उतरणे म्हणजे जिवाशी खेळ.

"पण डिसेंबरात तिकीट महाग आणि रजा जेमतेम दोन आठवडे!" ही तक्रार रास्त आहे. तरी एक साधे गणित मांडून पाहा. मुलगी सहावीत असेल तर दहावीपूर्वी चारच उन्हाळी सुट्ट्या उरतात. मग क्लास, मग बारावी, मग वसतिगृह. तिकडे आजी-आजोबांचे गुडघेही आपल्या रजेची वाट पाहत थांबत नाहीत. आजोबा, नात आणि डोंगर या तिघांची गाठ पडेल अशी वर्षे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. म्हणून दर तीन वर्षांतून एकदा तरी उन्हाळी फेरी सोडून डिसेंबरची धरावी, असे आम्ही सुचवतो. पैसे साठवता येतात, ही वर्षे साठवता येत नाहीत.

कोणी कोणत्या महिन्यात गेले असल्यास चार ओळी लिहून मंडळाच्या पुढील कार्यक्रमात आमच्याकडे द्याव्यात. जागा असेल तशा छापू.