दुसरे नाव

ऐन नवरात्रात, योगेश्वरीच्या देवळाकडे निघालेल्या गर्दीतून वाट काढीत आमची एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. बसली, पाणी प्याली आणि चहा येईपर्यंत काही बोलेना. मग पिशवीतून अर्ज काढला. एका महाविद्यालयात मराठीच्या अध्यापकाची जागा निघाली होती. अर्जाच्या शेवटी ती नेहमीची ओळ : नातेवाईक नसलेल्या दोन जबाबदार व्यक्तींची नावे. एक नाव माझे. दुसरे तिच्या मार्गदर्शक सरांचे हवे. पण सरांच्या पत्नीला अर्धांगाचा झटका येऊन तीन आठवडे झाले होते, मुलगा परदेशी, आणि सर एकटेच दवाखान्यात बसून.

"सर, मागू का हो? बरं दिसेल का?"

तिचा प्रबंध दासोपंतांवरचा. त्यांची ती सुमारे चाळीस फूट लांबीची पासोडी आमच्या गावचीच. त्यांची एक कथा सांगतात : वडिलांकडून सरकारी वसूल भरला गेला नाही, म्हणून लहानगा दासो बिदरला ओलीस राहिला, तेव्हा दत्तात्रेयांनी पाडेवाराच्या रूपाने जाऊन रक्कम भरली. तुमच्याआमच्यासाठी दत्तगुरू येत नाहीत. आपला शब्द कुणीतरी राखावा, म्हणून आपणच कुणाच्या तरी दारात उभे राहायचे असते. आणि ते दार नेमके कोणत्या दिवशी ठोठवावे, हे कोणताही अर्ज सांगत नाही!

2006 साली मीही असाच उभा होतो. माझ्या सरांच्या थोरल्या मुलाला अपघात झालेला, आणि माझ्या अर्जाची मुदत चार दिवसांवर आलेली. दवाखान्याबाहेरच्या टपरीवर, हातातला चहा निववीत, मी कसेबसे विचारले. सर नुसते "हं" म्हणाले. दुसऱ्या दिवशी दीड पानाचे पत्र हातात पडले. नोकरी लागली, पण ती टपरी दिसली की मी पुढे कितीतरी दिवस रस्ता बदलीत असे. पुष्कळ वर्षांनी काकू सहज बोलून गेल्या, "त्या रात्री तुझं पत्र लिहायला बसले, तेवढे दोन तासच काय ते हे एका जागी बसले रे!"

म्हणून सगळ्यांना मागावे, असेही नाही. त्याच सुमारास दुसऱ्या एका गृहस्थांना मी लिहिले होते. त्यांचे उत्तर आले नाही. दोन वर्षे मी त्यांच्यावर रुसून होतो. पुढे कळले की त्यांचे घर तेव्हा कोर्टात उभे होते. पत्र फोडलेसुद्धा नसेल. माझा राग अगदी फुकटचा.

मी मुलीला विचारले, "काकूंना भेटून आलीस?"

तिने मान खाली घातली. गेली नव्हती. आता गेले तर कामासाठी आले असे वाटेल, या धास्तीने पाय निघत नव्हता. म्हणजे पाहा, अर्ज मागायचा राहिला तो राहिलाच. पण त्या अर्जापायी साधी विचारपूससुद्धा अडली! सौ. आतून म्हणाली, "आधी जा. रिकाम्या हाताने जाऊ नको, आणि अर्ज नेऊ नको." याहून शहाणे मला काही सुचले नसते.

मुदत आठ दिवसांची होती. त्याच संध्याकाळी ती मऊ खिचडी घेऊन गेली, काकूंचा हात हातात धरून तासभर बसली आणि परत आली. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून चिठ्ठी लिहिली. फोन नको, असे मीच म्हटले. फोनवर माणसाला तिथल्या तिथे हो म्हणावे लागते. चिठ्ठीत शेवटची तारीख घातली. प्रबंधाचे नाव, वर्ष, तिने शिकवलेल्या तासांचा तपशील वेगळ्या कागदावर जोडला, म्हणजे सरांना काही शोधावे लागू नये. आणि लिहिले की दुसऱ्या बाईंना विचारून ठेवले आहे, तेव्हा नाही म्हणालात तरी अडणार नाही. ते तिने खरेच विचारून ठेवले होते. नुसते लिहिण्यापुरते नव्हे.

दोन दिवस काहीच नाही. ती रोज फेरी मारी आणि माझ्या तोंडाकडे पाही. रविवारी सरांच्या शेजारचा मुलगा चिठ्ठी घेऊन आला. तिचाच कागद, मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेला :

"मंगळवारी दुपारी दवाखान्यात ये. प्रबंधाची प्रत आण, तिसरे प्रकरण मला पुन्हा पाहायचे आहे. येताना थर्मासमध्ये चहा. साखर कमी."