बोर्डाच्या सरळ वर ड्रिल नको!



दिवाळीच्या सुट्टीत मुलीच्या अभ्यासाच्या कोपऱ्यात पुस्तकांसाठी एक फळी आणि वर एक दिवा लावायचं मी ठरवलं. मोबाईलवर दोन व्हिडिओ पाहिले, शेजारून ड्रिल मशीन आणली. एवढ्याशा कामाला माणूस कशाला, असं आपल्याला वाटतंच ना! फक्त दिव्याच्या वायरसाठी वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांना फोन केला. ते वायरमन आहेत.

आल्या आल्या त्यांनी भिंतीवरची माझी पेन्सिलची खूण पाहिली. "मॅडम, बोर्डाच्या सरळ वर ड्रिल नका मारू." भिंतीत बुजवलेली वायर बहुतेक वेळा बोर्डापासून सरळ वर किंवा खाली जाते. माझी खूण बरोबर त्याच रेषेत होती. मग त्यांनी जुन्या होल्डरला टेस्टर लावला. बटण बंद, तरी टेस्टर पेटला! बटण फेजऐवजी न्यूट्रलवर जोडलेलं होतं. म्हणजे बटण बंद असलं तरी होल्डरमध्ये 230 व्होल्ट होतेच. आदल्याच आठवड्यात मुलीने स्टुलावर चढून तिथला बल्ब बदलला होता. "बटण बंद केलंय ना, मग बदल" असं मीच तिला म्हणाले होते. हे लिहितानाही पोटात गोळा येतो.

वायरचं काम त्यांनी केलं, फळी मात्र मलाच लावायला लावली. 6 मिमीच्या गिट्टीला 6 मिमीचाच बिट. गिट्टी नुसत्या गिलाव्यात राहिली तर पुस्तकांच्या वजनाने ब्रॅकेट उपटून येतं, ती आत विटेत जायला हवी. फळी समपातळीत यावी म्हणून त्यांनी पारदर्शक नळीत पाणी भरलं आणि दोन टोकांना खुणा करून घेतल्या. पाणी आपली पातळी समान राखते, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. घरातल्या भिंतीवर ते वापरायचं मला सुचलं नव्हतं.

पैसे विचारले तर म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडून काय घ्यायचं?" आपण शिक्षक इथेच चुकतो, असं माझं स्पष्ट मत आहे. पालक आदराने बोलतात आणि आपण ती सवलत समजतो. त्यांचा अर्धा दिवस गेला होता. मी आग्रहाने मजुरी दिली. खरं तर दर आधीच विचारायला हवा होता.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांनी 10 दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांकडून शिकावं असं म्हटलं आहे. पण सहावीपर्यंत थांबायचं कशाला? नळीतलं पाणी चौथीच्या मुलालाही कळतं. टेस्टर मुलांच्या हातात द्यायचा नाही, पण कुठे हात लावायचा नाही हे तर सांगता येईल.

त्या दादांना कार्यानुभवाच्या तासाला बोलवायचं मी ठरवलंय आणि ते तयारही आहेत. त्यांचं मानधन कशातून द्यायचं, यावर आमच्याकडे अजून चर्चाच चालू आहे.