दोन्ही बाजूंनी उघडणारी वही

माझी टाचणाची वही दोन्ही बाजूंनी सुरू होते. डावीकडून मराठी, उजवीकडून उर्दू. जूनमध्ये दोन्ही भाषा आपापल्या टोकाला असतात, मार्चपर्यंत मधल्या कुठल्यातरी पानावर समोरासमोर येतात. बी.एड.ला असताना एकाच वहीत भागवायचं म्हणून लागलेली ही सवय अजून सुटलेली नाही.

गेल्या सुट्टीत दोह्याहून आलेल्या भाच्याने त्याचं ई-इंकचं यंत्र माझ्या हातात दिलं. "खाला, आता वह्या पुरे झाल्या." खरं सांगते, मला ते आवडलं. पडद्यामागे काळ्या-पांढऱ्या कणांच्या बारीक कुप्या असतात, विजेच्या भाराने कण वरखाली होतात आणि अक्षर उमटतं. मोबाइलसारखं डोळ्यांत खुपत नाही. जाडजूड पीडीएफ वाचायला तर झकास.

वहीची बाजू घेणारे बहुतेक वेळा म्यूलर आणि ओपनहायमर यांचा २०१४ चा अभ्यास पुढे करतात. त्यात लॅपटॉपवर टिपणं घेणाऱ्यांपेक्षा हाताने लिहिणाऱ्यांना विषय जास्त समजलेला दिसला होता. पण ती तुलना कीबोर्डशी होती. इथे हातात लेखणीच आहे, तेव्हा तो मुद्दा उगाच ताणू नये.

माझी अडचण वेगळी आहे. भाच्याच्या यंत्रातली वही एकाच दिशेने पुढे जाते. हाताने लिहिलेल्या इंग्रजी ओळीचं ते टंकलेखन करून देतं. मी उर्दूत एक ओळ लिहिली, मराठीत एक लिहिली. दोन्ही त्याला नुसतं चित्र वाटलं. म्हणजे पुढे शोधायला गेलं तर सापडणार नाही. नस्तालीक यंत्रांना जड जातं, हे जुनंच दुखणं आहे. १९८१ मध्ये नूरी नस्तालीक येईपर्यंत उर्दू वर्तमानपत्रं बहुतेक कातिबांच्या हातूनच उतरत होती.

दुसरं म्हणजे, यंत्रात खोडलेलं नाहीसं होतं. मला तर माझं खोडलेलंच हवं असतं. सातवीला कुठला दाखला कळला नव्हता, हे त्या काट मारलेल्या ओळीवरून कळतं.

"आणि नानांची वही?" भाच्याने विचारलं. मी गप्प झाले. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या आमच्या घरात शिरलं, तेव्हा अब्बांची वही गेली. आंब्याचा हिशेब, आम्हा भावंडांच्या जन्मतारखा, उतरवून घेतलेले शेर, सगळ्याची निळी लापशी झाली. दुसरीकडे कुठे नक्कल असती, तर ती वाचली असती. यावर माझ्याकडे उत्तर नाही. मात्र अब्बांच्या माघारी त्यांचा पासवर्ड आम्हाला सापडला असता का, हेही मनात आलंच.

ज्यांचं सगळं काम इंग्रजीत चालतं आणि खिशाला परवडतं, त्यांनी यंत्र जरूर घ्यावं. त्याची किंमत ऐकून मी दोनशेपानी वह्यांचा हिशेब केला. निवृत्तीपर्यंत पुरून उरतील. मी वहीच ठेवणार आहे. फक्त आता दर महिनाअखेरीस पानांचे फोटो काढते आणि एक प्रत बहिणीला पाठवते. या महिन्याची उर्दूची पानं अजून राहिली आहेत.