हवाईचा जपानी पाहुणा गेला कुठे?

जपान सरकारने १ एप्रिल १९६४ रोजी सर्वसामान्य नागरिकांना केवळ पर्यटनासाठी परदेशी जाण्याची मुभा दिली आणि हवाई बेटे तेथील मध्यमवर्गाचे स्वप्न होऊन बसली. १९८५च्या प्लाझा करारानंतर येन वधारला. १९८७ मध्ये सरकारनेच परदेशी जाणाऱ्यांची संख्या पाच वर्षांत दुप्पट करून एक कोटीवर नेण्याचे लक्ष्य ठरवले. (व्यापारातील प्रचंड शिलकीवरून नाराज झालेल्या अमेरिकेला शांत करणे हाही त्यामागचा हेतू होता.) ते लक्ष्य १९९० मध्येच पार झाले. १९९७ मध्ये सुमारे २२ लाख जपानी हवाईत उतरले. त्या वर्षी परदेशी गेलेल्या जपान्यांत हवाईचा वाटा साधारण १३ टक्के होता. २०२४ मध्ये परदेशी गेलेले जपानी होते सुमारे १ कोटी ३० लाख आणि हवाईच्या पदरी पडले जेमतेम सात लाखांहून थोडे अधिक. म्हणजे वाटा साडेपाच टक्क्यांवर आला.

या घसरणीचे खापर सहसा येनवर फोडले जाते. जुलै २०२४ मध्ये एका डॉलरला १६० येन मोजावे लागत होते, हे खरेच. पण २०१२ मध्ये डॉलर अवघ्या ८० येनच्या आसपास असतानाही हवाईला १९९७चा आकडा गाठता आला नव्हता. २०१९ मध्ये तर परदेशी जाणाऱ्या जपान्यांनी प्रथमच दोन कोटींचा टप्पा ओलांडला, तरी हवाईचा वाटा आठ टक्क्यांच्या आतच राहिला. येनने दुखणे वाढवले. ते जडले होते आधीच.

प्रवासी वळला तो जवळच्या देशांकडे. टोकियोहून सोल अडीच तासांवर, होनोलुलू सात तासांवर. स्वस्त विमानसेवांमुळे शनिवार-रविवारी कोरियाला जाऊन येणे शक्य झाले. २०२४ मध्ये तेथे ३२ लाखांवर जपानी गेले. मधुचंद्रासाठी आयुष्यात एकदा करायच्या महागड्या सहलीची या वारंवारच्या छोट्या सहलींशी स्पर्धाच होऊ शकत नाही.

जपानच्या 'ऑल निप्पॉन एअरवेज'ने २०१९ मध्ये होनोलुलू मार्गावर ५२० आसनांची एअरबस ए-३८० विमाने उतरवली, तीही कासवाच्या चित्रांनी सजवून. वर्षभरातच कोरोनाच्या साथीने ती जमिनीवर आणली. हवाईच्या हॉटेलांना मात्र त्याची झळ फारशी जाणवत नाही. १९९७ मध्ये ७० लाखांच्या आत असलेली एकूण पाहुण्यांची संख्या २०२४ मध्ये ९६ लाखांवर गेली, ती मुख्यतः अमेरिकी पर्यटकांच्या बळावर. खरा फटका बसला तो जपानी ग्राहकांवरच उभ्या राहिलेल्या वाइकिकीतील दुकानांना आणि विवाहसोहळ्यांच्या व्यवसायाला. त्यातच २०२४ अखेर वैध पासपोर्ट जवळ असलेले जपानी सहांत एकच होते.