समुद्रकाठच्या अंगणातला गुलाब

हुलसूरच्या एका भगिनीचे पत्र गेले तीन आठवडे आमच्या मेजावर आहे. त्यांची धाकटी कन्या वसईस दिली. लग्नानंतरच्या पहिल्याच जूनमध्ये त्यांनी माहेरच्या अंगणातील गुलाबाची दोन मुळावलेली रोपे तिच्याकडे पाठविली. श्रावण संपण्यापूर्वीच ती पाने टाकून गेली. तिसरे रोप दिवाळीनंतर नेले. ते जगले, नाताळात फुललेही. परंतु एप्रिलात पानांच्या कडा भाजल्यासारख्या झाल्या आणि पंधरा दिवसांत ते वाळले. “इथे गुलाब धरत नाही, आई, आता आणू नकोस,” असे कन्येने कळविले आहे. हे खरे काय, असा मातेचा प्रश्न आहे.

हे खरे नव्हे, असे आम्ही प्रथमच सांगून टाकतो. आम्ही पठारावरचे रहिवासी असलो तरी किनाऱ्यावर काही वर्षे काढली आहेत, आणि तिकडच्या ओट्यांवर बारमाही फुलणारे गुलाब डोळ्यांनी पाहिले आहेत. मात्र हुलसूरचा गुलाब आणि वसईचा गुलाब यांना एकच वागणूक देऊन चालत नाही. आमचे बिदरचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच. हवा कोरडी, हिवाळ्याच्या रात्री थंड. वसईस वर्षाकाठी २,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो; आमच्याकडे त्याच्या निम्म्याहूनही कमी. आमच्या झाडाला पाण्याची ददात, तर तिकडच्या झाडाला चार महिने पाण्याचा जाच.

पत्रातील तपशील नीट वाचला म्हणजे दिसते की तिन्ही रोपे एकाच दुखण्याने गेलेली नाहीत. पावसाळ्यातली दोन बुरशीने गेली असावीत. गुलाबाच्या पानांवर झालरदार कडांचे काळे ठिपके पाडणारी एक बुरशी आहे; तिचे बीजाणू रुजण्यास पान सलग सुमारे सात तास ओले राहावे लागते. हुलसुरात असे क्वचित घडते, वसईच्या आषाढात ते रोजचेच. ठिपक्यांभोवती पान पिवळे पडते, गळते, आणि कोवळे रोप पानांवाचून उपाशी मरते. तिसऱ्या रोपाचे तसे नाही. कोरड्या दिवसांत पानाची कड प्रथम जळते तेव्हा बहुधा पाणी खारट असते. मुळांनी ओढलेले पाणी पानांतून उडून जाते आणि मीठ कडेला साचत राहते. कुंडीच्या मातीवर पांढरी पापुद्री आली असेल तर शंकेस जागाच उरत नाही. गुलाब हे खाऱ्या पाण्याला भिणाऱ्या झाडांपैकी आहे.

वसईस पाणी खारे का व्हावे, हे मात्र त्या एका घरापुरते नाही. किनाऱ्यालगत जमिनीखाली गोडे पाणी हलके म्हणून वर तरंगते व त्याखाली समुद्राचे जड पाणी असते. अभियंत्यांचा एक ठोकताळा आहे: समुद्रपातळीच्या वर गोड्या पाण्याचा एक फूट थर असेल तर पातळीखाली सुमारे चाळीस फूट गोडे पाणी मिळते. अर्थात विहिरी उपसून वरचा एक फूट कमी केला की खालचे खारे पाणी तितक्याच पटीने वर चढते. वसईच्या पूर्वजांना हे गणित कागदावर ठाऊक नसेल. परंतु त्यांनी वाड्यांतून बावखले खोदून ठेवली होती. पावसाचे पाणी त्या तळ्यांत साठे, केळी-पानवेलींना पुरे आणि जमिनीत मुरून विहिरी गोड ठेवी. पुढे इमारतींसाठी यांतली कित्येक बुजविली गेली. बावखल बुजविणाऱ्यास केवळ एक डबके नाहीसे केल्यासारखे वाटते; त्याची किंमत शेजारच्या चार विहिरी मोजतात. उरलेली बावखले ज्यांच्या वाडीत आहेत त्यांनी ती विकण्यापूर्वी आपल्याच विहिरीचे पाणी मे महिन्यात जिभेवर घेऊन पाहावे, इतकेच आम्ही म्हणतो.

आता उपायाकडे वळू. पहिला प्रश्न जातीचा. लांब दांड्याचा, एकच मोठे फूल देणारा गुलाब बाजारासाठी ठीक; काचेच्या किंवा प्लास्टिकच्या छपराखाली वाढलेल्या त्या नाजूक लेकराला वसईच्या ओट्यावर बसवू नये. लहान अंगणास ठेंगणे, झुपकेदार, पुनःपुन्हा फुलणारे झुडूपच योग्य. असे गुलाब मूळचे चीनचे. अठराव्या शतकाच्या अखेरीस ते जहाजांतून युरोपात गेले. कलकत्त्याच्या वाटेने आले म्हणून तिकडे त्यांना ‘बंगाल गुलाब’ हे नाव पडले. त्यापूर्वीचे बहुतेक युरोपीय गुलाब वर्षातून एकदाच फुलत. असे का, याचा उलगडा २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने केला. एकदा फुलणाऱ्या गुलाबात फुलण्यास आवर घालणारे एक जनुक असते. चिनी गुलाबात त्या जनुकात एक परका तुकडा घुसल्यामुळे तो आवरच सुटला आहे. म्हणून त्याची प्रत्येक नवी फूट शेवटी फुलातच संपते.

हे कळले म्हणजे कात्रीचे महत्त्वही कळते. फूल सुकताच त्याखालच्या पहिल्या पाच पर्णिकांच्या पानावर काप घ्यावा. तेथून नवी फूट निघते. सुकलेले फूल तसेच ठेवले तर झाड फळ धरण्यात शक्ती घालविते. अर्थात जे झाड वर्षभर फुलते त्याला वर्षभर भूकही लागते. दर महिन्याला मूठभर कुजलेले शेणखत घालावे. रासायनिक खतांची घाई खारट मातीत तर करूच नये, कारण तीही शेवटी क्षारच.

चिनी रक्ताच्या या गुलाबांतूनच फ्रान्समध्ये लियाँच्या गियो यांनी १८७५ च्या सुमारास झुपक्यांचे बुटके गुलाब काढले, आणि १९२४ साली डेन्मार्कच्या पौल्सेन घराण्याचा ‘एल्से पौल्सेन’ आला. १९३२ चा ‘द फेअरी’ त्याच वळणाचा, लहान गुलाबी फुलांचा. आपल्याकडे गव्हाचे थोर शास्त्रज्ञ डॉ. बेंजामिन पियरी पाल फावल्या वेळी गुलाब घडवीत. त्यांचा १९६३ चा ‘दिल्ली प्रिन्सेस’ झुपक्यांनी फुलतो. बुरशीची भीती असेल तेथे अमेरिकेत २००० साली आलेला ‘नॉक आउट’ काळ्या ठिपक्यांना चांगला दाद देत नाही. पण त्याला वास नाही म्हटले तरी चालेल, आणि वासावाचून गुलाब आम्हांस पटत नाही. आमच्या मते किनाऱ्यावरील सामान्य कुटुंबाने ‘एडवर्ड’ गुलाबापासून आरंभ करावा. हा चिनी आणि दमास्क गुलाबांच्या संकराचा, बूर्बों बेटावरचा वंशज. दक्षिणेत सुटी फुले देतो, सुगंधी आहे, आणि बंगळूरकडे त्याच्या खुंटावर इतर जातींचे डोळे भरतात.

तथापि या मातेला बाजारातला गुलाब नको आहे, आपल्याच अंगणातला हवा आहे, हे आम्ही विसरलो नाही. त्यांनी जूनमध्ये रोप पाठवू नये. ऑक्टोबरच्या छाटणीतल्या पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांब, तीन-चार डोळ्यांच्या काड्या घेऊन हुलसुरातच सावलीला लावाव्यात. एक नव्हे, सहा. सगळ्या लागत नाहीत. लागलेल्या डिसेंबर-जानेवारीत न्याव्यात, म्हणजे पावसापूर्वी मुळांना पाच महिने मिळतील. एक हुलसुरातच राखावी. मूळ झाड कलमी असेल तर काडी लागूनही दुबळी राहण्याचा संभव आहे. मग एखाद्या माळ्याकडून ‘एडवर्ड’च्या खुंटावर तिचा डोळा भरून घ्यावा.

वसईत ते रोप जमिनीत नको, बारा इंची कुंडीत हवे, आणि कुंडी दोन विटांवर. पाऊस लागला की ती पूर्वेच्या पागोळीआत सरकवावी, जेथे सकाळचे ऊन मिळते पण पान भिजत नाही. पाणी सकाळी, मुळाशी. ठिपक्यांची पाने वेचून जाळावीत. पावसाच्या आधी व मध्ये बोर्डो मिश्रण फवारावे: दहा लिटर पाण्यास शंभर ग्रॅम मोरचूद व शंभर ग्रॅम कळीचा चुना, दोन्ही वेगवेगळे कालवून मग एकत्र, भांडे लोखंडी नसावे. लोखंडी सुरीचे पाते त्यात क्षणभर बुडवून तांबूस झाले तर चुना कमी पडला असे समजावे.

उन्हाळ्यासाठी पाणी साठवावे. दोन कुंड्यांना रोज प्रत्येकी दोन लिटर धरले तर फेब्रुवारी ते मे या १२० दिवसांस ४८० लिटर लागतात. पागोळीखालचे पाचशे लिटरांचे एक झाकलेले पिंप पुरते. नळाचे गोडे पाणी असेल तर तेही नको. मात्र घरोघरी आलेल्या पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून बाहेर पडणारे पाणी ‘वाया जाते’ म्हणून झाडांना घालू नये. गाळलेले सर्व क्षार त्यातच असतात. कुंडीत पूर्वी खारे पाणी गेले असेल तर पहिल्या जोराच्या पावसात ती दोन दिवस उघड्यावर ठेवून धुऊन काढावी.

नाताळात वेदीवर स्वतःच्या अंगणातील फुले ठेवण्याची ज्यांची हौस आहे त्यांनी छाटणी नोव्हेंबरच्या १० तारखेच्या आसपास करावी. छाटणीपासून फुलापर्यंत साधारण दीड महिना लागतो. हवा ढगाळ असली तर चार दिवस अधिक.