परवलीचा शब्द व खटपटी विद्यार्थी

गेल्या वर्षीं आमच्या ग्रंथालयांतील संगणकाचा परवलीचा शब्द इयत्ता नववींतील एका विद्यार्थ्यानें ओळखून काढला, आणि दुसऱ्याच दिवशीं आपण होऊन आम्हांस तसें सांगितलें. त्याला फारशी विद्या लागली नव्हती. शाळेचें नांव व तिच्या स्थापनेचें साल एकापुढें एक लिहितांच यंत्र खुलें झालें. आणि तें साल तर फाटकावरील दगडांतच कोरलेलें आहे! शिक्षकांच्या खोलींत त्या दिवशीं पुष्कळ वाद माजला. मुलास कडक शासन व्हावें, असें बहुतेकांचें म्हणणें पडलें. आमचें मत तेव्हां निराळें होतें, व आजहि तें पालटलेलें नाहीं. असला शब्द योजणारे आम्हीच होतों. दाराला कुलूप लावून किल्ली उंबऱ्यावर ठेवणाऱ्यानें, ती कोणी पाहिली म्हणून संतापावें हें शोभत नाहीं.

परवानगीवांचून दुसऱ्याच्या यंत्रांत शिरणें हा मात्र अपराधच होय, व तो आम्हीं त्याच्या पदरांत घातला. सन २००० चा माहिती तंत्रज्ञान कायदा याविषयीं काय म्हणतो तें सांगितलें. रॉबर्ट मॉरिसची हकीकतहि ऐकविली. अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठाच्या या विद्यार्थ्यानें १९८८ च्या नोव्हेंबरांत, एका संगणकांतून दुसऱ्यांत आपोआप पसरणारा एक लहानसा प्रोग्रॅम सोडला. नासधूस करावी असा त्याचा हेतु नव्हता, परंतु अंदाज चुकला व हजारों संगणक मंदावून निरुपयोगी झाले. १९९० सालीं न्यायालयानें त्यास दोषी ठरविलें. पुढें तोच एमआयटी या विख्यात संस्थेंत प्राध्यापक झाला, हें सांगावयास आम्ही विसरलों नाहीं. त्या प्रोग्रॅमची एक युक्ति फार साधी होती. खातेदाराचें स्वतःचें नांव हाच त्याचा परवलीचा शब्द आहे काय, हें तो आरंभींच पाहून घेई. आमच्या ग्रंथालयांतहि त्याचें काम सहज झालें असतें!

सुज्ञ पालकांनीं आपल्या घरांतहि पाहावें. मोबाईलमधील कोणतें ॲप कॅमेरा मागतें व कोणतें संपर्कयादी, हें तपासणाऱ्या मुलास आपण 'बिघडवून ठेवशील' म्हणून दटावतों. आणि वाण्याच्या दुकानांत त्याच्याच हातीं मोबाईल देऊन चारचौघांदेखत पिन मोठ्यानें सांगतों. तो पिन बहुधा त्याचेंच जन्मसाल असतें. चार अंकांचे एकंदर दहा हजार पिन होतात. जन्मसाल निवडलें कीं शंभराच्या आंतबाहेर उरतात, आणि मुलगा कितवींत आहे हें ठाऊक असणाऱ्यास दोन-तीनच.

उलट, यंत्र केव्हां काय विचारतें हें ज्यानें निरखून पाहिलें आहे, त्यास यूपीआयवर पैसे घेतांना पिन कधींच लागत नाहीं हें कोणी शिकवावें लागत नाहीं. 'पैसे जमा करतों, पिन टाका' असें सांगणाऱ्याचा फोन आजीस आला, तर तो मुलगा तिचा हात धरील. आणि पैसे गेलेच, तर तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवील. दटावलेला मुलगा भीतीनें गप्प बसेल. आमच्याकडे तो विद्यार्थी दुसऱ्याच दिवशीं आला, याचें मोल आम्हांस म्हणूनच अधिक वाटतें.

ग्रंथालयाचा शब्द त्याच सायंकाळीं बदलला. विद्यार्थी हल्लीं मुख्याध्यापकांच्या परवानगीनें शाळेचा एक मोडका संगणक उकलून बसला आहे. तो अद्याप सुरू झालेला नाहीं.