पुलाखालचे अंगण

घराची भिंत रंगवायची म्हटली की आपली चर्चा ठरलेली असते. रंग कोणता, खर्च किती आणि पोरांच्या हातांचे डाग पुसले जातील का! पण मैत्रिणींनो, भिंत घराची नसून साऱ्या वस्तीची असेल तर? आज तुम्हाला अशाच एका वस्तीत नेते.

अमेरिकेतल्या सॅन डिएगो शहरात बॅरिओ लोगन नावाची वस्ती आहे. मेक्सिकन वंशाची कुटुंबे इथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. ती स्वतःला चिकानो म्हणवतात. १९६३ मध्ये मोठा महामार्ग या वस्तीला चिरत गेला आणि १९६९ मध्ये कोरोनाडोकडे जाणारा पूल उभा राहिला. कितीतरी घरे पाडली गेली, शेजारणी दुरावल्या. घरांच्या जागी उरले काँक्रीटचे उंच खांब! त्या खांबांखाली बाग करून देऊ, असे आश्वासन मिळाले होते. पण २२ एप्रिल १९७० रोजी पाहावे तो तिथे बुलडोझर हजर. चौकशी केली तेव्हा कळले, बाग नाही, महामार्ग पोलिसांचे ठाणे व्हायचे आहे.

मग काय! एका विद्यार्थ्याने दारोदार जाऊन बातमी दिली. बायका, शाळेतली मुले, म्हातारी माणसे सारी धावली आणि हातात हात घालून यंत्रांना आडवी झाली. बारा दिवस त्यांनी जागा सोडली नाही. नुसती बसून राहिली नाहीत बरं का, जमीन खणून झाडे आणि निवडुंग लावले. लॉरा रॉड्रिग्ज नावाच्या आजीबाईंनी या मंडळींना खाऊ घातले. त्याच वर्षी वस्तीत दवाखाना व्हावा म्हणून याच आजीबाईंनी एका इमारतीच्या दाराला स्वतःला साखळीने बांधून घेतले. दवाखाना झाला आणि आजही चालू आहे.

जागा तर मिळाली, पण खांबांचे काय करायचे? साल्वादोर तोरेस हे तिथलेच चित्रकार. हे खांब रंगवायचे, ही कल्पना त्यांची. १९७३ मध्ये काम सुरू झाले आणि चित्रकारांबरोबर वस्तीतल्या लोकांनीही हाती ब्रश घेतले. पद्धत आपल्या ओळखीची आहे. भरतकामाचा नमुना मोठा करताना आपण चौकोन आखतो ना, तसेच छोट्या कागदावरचे चित्र चौकोनाचौकोनाने मोठे करून भिंतीवर उतरवायचे. आधी भिंत धुऊन स्वच्छ करायची, मग अस्तराचा हात आणि मगच रंग. ग्वादालुपेची माता, अॅझटेक देवता, शेतमजूर अशी चित्रे खांबांवर आली. १९७५ मध्ये स्त्री-चित्रकारांच्या एका गटानेही इथे चित्र काढले. विषय होता, विश्व तोलून धरणाऱ्या स्त्रिया!

चित्र काढले की झाले, असे मात्र नसते. उन्हाने रंग उडतो, पोपडे धरतात. २०११ च्या सुमारास जुनी चित्रे पुन्हा रंगवायला घेतली, तेव्हा मूळ चित्रकारांपैकी काही जण पुन्हा शिडीवर चढले. २०१६ मध्ये चिकानो पार्कला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. ज्या सरकारला तिथे ठाणे हवे होते ते राज्याचे, आणि हा मान दिला तो देशाच्या सरकारने.

तुम्ही म्हणाल, आपल्याला कोण विचारतंय? अहो, त्यांनाही कोणी विचारले नव्हते. फरक इतकाच की बातमी कळल्याबरोबर त्या घराबाहेर पडल्या. तेव्हा पुढच्या भिशीला साड्यांच्या गप्पा आटोपल्या की एवढेच विचारा : आपल्या आळीतल्या मोकळ्या जागेचे नगरपालिकेत काय ठरले आहे? कोणालाच माहीत नसेल, तर दोघीतिघी मिळून जाऊन विचारून या. बुलडोझर येण्याआधी गेलात तर काम सोपे होईल.